मराठी शाळेतील ज्योतिर्विद : शंकर बाळकृष्ण दीक्षित

थोर विद्वानांची चरित्रे आपण वाचतो तेव्हा त्यांत मोठी विद्यापीठे, परदेशगमन, पदव्यांची माळ किंवा राजाश्रय यांपैकी काहीतरी बहुधा असतेच. त्यामुळे नकळत आपली अशी समजूत होऊन बसते, की ज्ञानाची मोठी कामे मोठ्या जागी बसलेल्या माणसांनीच करावयाची असतात. खेड्यातल्या शाळेतील मास्तराने मुलांना बाराखडी आणि पाढे शिकवले की त्याचे कार्य संपले. ही समजूत किती पोकळ आहे, हे ज्यांच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे कळते असे एक गृहस्थ महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित. भारतीय ज्योतिषशास्त्राचा पहिला समग्र इतिहास त्यांनी लिहिला, आणि तो मराठीत लिहिला. पण ज्या नोकरीवर त्यांचे पोट चालले ती नोकरी होती शाळामास्तरची. आकाशातील तारे आणि शाळेतील मुले या दोहोंना एकत्र आणणारा हा माणूस आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरुड या गावी झाला. समुद्रकाठचे हे लहानसे गाव. पुढे स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपणही याच गावी गेले. दीक्षित कर्व्यांपेक्षा सुमारे पाच वर्षांनी वडील. गावातच त्यांचे मराठी शिक्षण झाले आणि थोडे संस्कृतही झाले. त्या काळी कोकणातल्या हुशार पण गरीब मुलाला पुढची एकच वाट सहज दिसत असे, ती म्हणजे मास्तरकीची. १८७० साली ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. तेथील तीन वर्षांचा शिक्षणक्रम त्यांनी उत्तम रीतीने पुरा केला. १८७४ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांचे औपचारिक शिक्षण येथेच संपले. नावापुढे बी. ए. ही अक्षरे लावण्याचा योग त्यांच्या आयुष्यात कधी आला नाही.

त्यानंतरचे त्यांचे आयुष्य म्हणजे बदल्यांची एक यादीच आहे. प्रथम कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, रेवदंडा येथील मराठी शाळा. १८८० च्या सुमारास ठाण्याची मराठी शाळा. १८८२ पासून १८८९ पर्यंत सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची इंग्रजी शाळा. मग धुळ्याचे ट्रेनिंग स्कूल. आणि शेवटी १८९४ पासून ज्या पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात ते स्वतः शिकले होते तेथेच शिक्षक. या यादीत वेधशाळा कोठेही नाही, मोठे ग्रंथालय नाही, दुर्बिणीचा घुमट नाही. बार्शीसारख्या गावी बसून ज्याला आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त यांचे ग्रंथ पाहावयाचे असतील त्याला किती पत्रे लिहावी लागली असतील आणि किती हस्तलिखिते उतरून घ्यावी लागली असतील, याची कल्पनाच केलेली बरी. छापील संस्कृत ज्योतिषग्रंथ तेव्हा थोडे होते. बाकीचे पोथ्यांच्या रूपाने लोकांच्या घरी बांधून पडलेले होते.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. ज्योतिष म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे कुंडली, गुणमेलन आणि साडेसाती येते. आपल्या जुन्या परंपरेत ज्योतिषाचे तीन स्कंध मानले आहेत : गणित, संहिता आणि जातक. ग्रहतारे कोठे आहेत, कसे चालतात, ग्रहण केव्हा लागेल हे सांगणारे ते गणित. दीक्षितांनी इतिहास लिहिताना तिन्ही स्कंधांचा परामर्श घेतला असला, तरी त्यांचे मन रमले ते गणितात आणि प्रत्यक्ष आकाशात.

दोन घटकांची मौज

दीक्षितांची ग्रंथरचना पाहिली तर तिचा प्रारंभ विद्यार्थ्यांपासून होतो, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. त्यांचे पहिले पुस्तक १८७६ मधील. त्याचे नाव ‘विद्यार्थिबुद्धिवर्धिनी’. तेव्हा ते अवघे २३ वर्षांचे होते. १८८२ मध्ये ‘सृष्टचमत्कार’ आले. आणि १८९२ मध्ये ज्या पुस्तकाने त्यांचे नाव मराठी घराघरांत पोचले ते ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ प्रसिद्ध झाले.

या नावातच एक संपूर्ण शिक्षणविचार आहे असे मला वाटते. एक घटका म्हणजे २४ मिनिटे. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटे, म्हणजे आपल्या कॉलेजातील जवळजवळ एक तासिका. रोज रात्री एका तासिकेइतका वेळ अंगणात बसून वर पाहावे, एवढीच मागणी. आणि त्याला अभ्यास म्हटलेले नाही, मौज म्हटलेले आहे. ज्या काळी छडी लागे छमछम हेच शाळेचे ब्रीद होते, त्या काळी एक शाळामास्तर आपल्या शास्त्राच्या पुस्तकाला मौज असे नाव देतो, ही गोष्ट साधी नव्हे. गणिताचे अवघड डोंगर न चढवता सूर्य, चंद्र, ग्रह आणि तारे यांची ओळख सामान्य माणसाला करून द्यावी, असा त्या पुस्तकाचा हेतू आहे.

योगायोग असा, की चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे दोनच घटका उशिरा उगवतो. आज रात्री आठला उगवला, तर उद्या साधारण पावणेनऊच्या पुढे. लहान मुलाला ही एक गोष्ट आठवडाभर पाहावयास लावली, तर चंद्र आकाशात स्वतःची वाट चालतो आहे हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. तो रोज एकेक नक्षत्र मागे टाकतो आणि सुमारे २७ दिवसांत पुन्हा पहिल्या ताऱ्यापाशी येतो. आपल्या पूर्वजांनी नक्षत्रे २७ मानली ती याचसाठी. सत्तावीस नक्षत्रांची नावे घोकून पाठ करणारा विद्यार्थी आणि चंद्राबरोबर सत्तावीस रात्री चाललेला विद्यार्थी, या दोघांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

आम्ही शाळेत पहिल्या प्रकारचे विद्यार्थी होतो. भिंतीवर सूर्यमालेचा तक्ता होता. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून दिवस आणि रात्र होतात, हे वाक्य आम्ही पाच वेळा लिहून काढले. पण सूर्य वर्षभर एकाच जागी उगवत नाही, मे महिन्यात तो देवळाच्या कळसाच्या डावीकडून येतो आणि डिसेंबरात उजवीकडून, हे कोणी दाखवले नाही. ते ठाऊक होते माझ्या आजीला, जिने शाळेची पायरी कधी चढली नाही. सप्तर्षींना ती बाज म्हणे आणि शेपटीच्या तीन ताऱ्यांना तीन चोर. पहाटे दळायला उठताना ती घड्याळ पाहत नसे, तिकांडे कोठवर आले ते पाहत असे. शाळेतले ज्ञान आणि घरातले ज्ञान यांची गाठ कधी पडलीच नाही. दीक्षितांचे मोठेपण मला जाणवते ते येथे. लोक जे आकाश रोज पाहतात आणि पंडित ज्या आकाशाचे गणित करतात ते आकाश एकच आहे, हे त्यांनी मराठी वाचकांना दाखवून दिले.

मृग लागला, पण दिसत का नाही?

आपल्यापैकी बहुतेक जण शेतकऱ्यांच्या घरातून आलो आहोत. जूनच्या ७ किंवा ८ तारखेला मृग लागतो, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि शेवटी हस्त, ही पावसाची नक्षत्रे आपल्या अंगवळणी पडलेली आहेत. पण एखाद्या चौकस मुलाने मृग लागल्याच्या रात्री आकाशात मृग नक्षत्र शोधावयाचे ठरविले, तर त्याच्या हाती निराशा येईल. मृग रात्री कोठेच दिसत नाही. तो दिसतो हिवाळ्यात, मार्गशीर्षाच्या संध्याकाळी पूर्वेला, झळझळीत.

याचे कारण असे, की मृग लागला याचा अर्थ सूर्य मृग नक्षत्रात आला. सूर्य जेथे आहे तेथील तारे सूर्याबरोबरच उगवतात आणि सूर्याबरोबरच मावळतात. ते दिवसभर आपल्या डोक्यावर असतात, पण उन्हात लोपलेले असतात. दिवसासुद्धा तारे असतात ही केवढी मोठी गोष्ट! लहान मुलाला ही गोष्ट एकदा कळली, की रात्र म्हणजे तारे येण्याची वेळ नव्हे, तर सूर्याचा उजेड बाजूला होण्याची वेळ, हे त्याला आपोआप उमगते. दिवस आणि रात्र यांचा खरा धडा येथून सुरू होतो.

महिन्यांच्या नावांचेही तसेच. चैत्राच्या पौर्णिमेचा चंद्र चित्रा या तेजस्वी ताऱ्याच्या आसपास असतो, म्हणून तो चैत्र. कार्तिकात तो कृत्तिकांजवळ असतो, मार्गशीर्षात मृगशीर्षाजवळ. पौर्णिमेच्या उजेडात बारीक तारे दिसत नाहीत, पण चित्रा दिसते. म्हणजे आपल्या घरी टांगलेली दिनदर्शिका हे आकाशाचेच एक चित्र आहे. कोणत्याही खेड्यातील शिक्षकाला एक पैसा न खर्चता हे दाखवता येईल.

जुन्या सिद्धान्तग्रंथांत शंकूचे वर्णन येते. शंकू म्हणजे सपाट जमिनीवर उभी रोवलेली बारा अंगुळांची काठी. तिची सावली मोजून दिशा, वेळ आणि सूर्याचे स्थान काढत. ही काठी शाळेच्या पटांगणात रोवली तर सावली दुपारी सर्वांत आखूड होते आणि ती उत्तर-दक्षिण रेषेवर पडते, हे पहिलीतला मुलगाही पाहू शकतो. वर्षातून दोन दिवस तर भर दुपारी सावली नाहीशीच होते. पुण्यात हे मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस घडते. ज्यांचे ग्रंथ दीक्षितांनी आयुष्यभर अभ्यासले त्या आचार्यांची विद्या अशी काठीने आणि सावलीने सुरू झाली होती.

पंचांग खरे की आकाश खरे?

दीक्षितांच्या आयुष्यात खरा कसोटीचा प्रश्न उभा राहिला तो पंचांगावरून. महाराष्ट्रातील पंचांगे तेव्हा बहुतेक गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून करीत. गणेश दैवज्ञ हे कोकणातल्या नांदगावचे, आणि हा ग्रंथ शके १४४२ म्हणजे इसवी सन १५२० मधला. ग्रंथ फार सोयीचा, पण साडेतीनशे वर्षांत त्याचे गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांत अंतर पडत चालले होते. पंचांगात ग्रहणाची जी वेळ लिहिलेली असे त्या वेळेला ग्रहण लागेना. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये नव्या गणिताची ग्रहकोष्टके मराठीत आणून या सुधारणेचा पाया घातला होता.

पण प्रश्न केवळ वेळेचा नव्हता. मकरसंक्रांतीला उत्तरायण लागते असे आपण मानतो. उत्तरायण म्हणजे सूर्याने उत्तरेकडे वळणे, दिवस मोठा होऊ लागणे. आता ही गोष्ट प्रत्यक्ष पाहिली तर २१ किंवा २२ डिसेंबरलाच घडते. त्या दिवशी पुण्यात दिवस साधारण ११ तासांचा असतो आणि दुसऱ्या दिवसापासून तो थोडा थोडा वाढू लागतो. जूनच्या २१ तारखेच्या सुमारास तो सव्वातेरा तासांपर्यंत जातो. मग संक्रांत जानेवारीत का? कारण संपातबिंदू ताऱ्यांमधून हळूहळू मागे सरकतो. सुमारे ७२ वर्षांत एक अंश. ताऱ्यांना धरून मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे असते. त्यामुळे ताऱ्यांना धरून काढलेली संक्रांत ऋतूंच्या मागे पडत जाते. दीक्षितांच्या लहानपणी ती १२ जानेवारीच्या सुमारास येई. आता ती १४ किंवा १५ तारखेला येते. असेच चालू राहिले तर हजारो वर्षांनी संक्रांत उन्हाळ्यात येईल.

विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित यांनी म्हटले, की सण ऋतूंसाठी आहेत, तेव्हा पंचांगही ऋतूंना धरून केले पाहिजे. यालाच सायन पंचांग म्हणतात. १८८० नंतरच्या दशकात त्यांनी असे पंचांग तयार करून प्रसिद्ध केले. समाजाने ते फारसे स्वीकारले नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले सणवार एकदम तीन आठवडे मागे घ्यावयाचे ही कल्पना लोकांना रुचणे कठीणच होते. दीक्षितांसारख्या नोकरदार माणसाला, त्यातून वैदिक ब्राह्मणाच्या घरच्या माणसाला, हे मत मांडणे किती जड गेले असेल हे आपण आज नीट समजू शकणार नाही. तरीही त्यांनी आपले मत सोडले नाही. आणि विशेष म्हणजे पुढे इतिहास लिहिताना निरयन पंचांगे करणाऱ्यांचीही माहिती त्यांनी तितक्याच आस्थेने दिली. मतभेद असलेल्या माणसाचे कार्य नमूद करताना लेखणी आखडती न घेणे, हा गुण विद्वानांतही दुर्मिळच असतो.

स्वतंत्र भारतात डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली गेली. तिने १९५५ मध्ये अहवाल दिला, आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष सायन आहे, म्हणजे ऋतूंना धरून आहे. आपले सण अजून जुन्याच पद्धतीने चालतात हे खरे. पण सरकारी गॅझेटावर छापलेल्या त्या तारखेमागे जो विचार आहे, त्यासाठी महाराष्ट्रातील काही माणसे सत्तर वर्षे आधीच झगडली होती.

तारखेचा साक्षीदार

दीक्षितांच्या गणिताचा उपयोग इतिहासालाही झाला. गुप्त राजांच्या शिलालेखांत गुप्तसंवताची वर्षे आहेत. पण हा संवत सुरू केव्हा झाला याविषयी विद्वानांत मोठा वाद होता. वेगवेगळ्या मतांत शेकडो वर्षांचे अंतर होते. मध्य प्रदेशातील सागर जिल्ह्यात एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा एक स्तंभ आहे. त्यावर संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार अशी मिती कोरलेली आहे. साल, तिथी आणि वार ही तिन्ही एकत्र जुळणे ही गोष्ट सहज घडत नाही. जो आरंभ खरा असेल त्यावरूनच तिन्ही जुळतील, चुकीचा असेल तर वार चुकेल. दीक्षितांनी गणित करून दाखविले, की ही मिती २१ जून ४८४ या दिवशी बरोबर जुळते. त्यावरून गुप्तसंवताचा आरंभ इसवी सन ३१९-२० हा पक्का झाला. फ्लीट या इंग्रज संशोधकाने गुप्तांच्या शिलालेखांचा जो मोठा ग्रंथ १८८८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात दीक्षितांच्या या गणिताचा आधार आहे. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारचा पुरावा बार्शीच्या शाळेतील एका मास्तराने द्यावा, ही केवढी अभिमानाची गोष्ट! पुढे रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. तो १८९६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला.

त्यांचे दुसरे एक संशोधन शतपथ ब्राह्मणातील एका विधानावर आधारलेले आहे. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे ढळतात, अशा आशयाचे ते विधान आहे. हजारो वर्षे पंडित हे पाठ म्हणत आले. दीक्षितांनी त्याकडे मास्तराच्या नजरेने पाहिले आणि साधा प्रश्न विचारला : आज कृत्तिका कोठे उगवतात? त्या आज नेमक्या पूर्वेला उगवत नाहीत. आपल्याकडून पाहिले तर त्या पूर्वेच्या उत्तरेला सुमारे २५ अंश सरकून उगवतात. संपात सरकतो त्या गतीने मागे गणित केले, तर इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे या काळात त्या नेमक्या पूर्वेला उगवत होत्या. म्हणून ते निरीक्षण त्या काळातले असले पाहिजे, असे त्यांनी मांडले. हा लेख १८९५ मध्ये आला. या निष्कर्षावर पुढे विद्वानांनी अनेक आक्षेप घेतले, त्या विधानाचा अर्थ निराळा लावला, आणि तो वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. परंतु पोथीतील वाक्य घेऊन पहाटे पूर्वेला उभे राहणे आणि खरे काय ते पाहणे, ही जी रीत त्यांनी दाखविली तिच्याविषयी वाद नाही.

मराठीतला महाग्रंथ

या साऱ्या परिश्रमांचे सार म्हणजे ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’. दक्षिणा प्राइझ कमिटीचे पारितोषिक मिळालेला हा ग्रंथ १८९६ मध्ये पुण्यास छापून निघाला. पाचशेहून अधिक पानांचा हा ग्रंथ दोन भागांत आहे. पहिल्या भागात वैदिक आणि वेदांगकाळातील ज्ञान, दुसऱ्यात सिद्धान्तकाळ. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांच्यापासून थेट दीक्षितांच्या समकालीन पंचांगकर्त्यांपर्यंत सर्वांची माहिती त्यात आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, हे आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस सांगितले होते आणि नंतरच्या आचार्यांनी ते नाकारले, हा विलक्षण इतिहास मराठी वाचकाला येथे मिळतो. आज तिसरी-चौथीच्या मुलाला जे एका वाक्यात सांगितले जाते, त्यासाठी मोठमोठ्या बुद्धिमंतांना किती झुंजावे लागले हे त्यावरून कळते.

हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला असता तर दीक्षितांची कीर्ती युरोपभर झाली असती. इंग्रजी त्यांना येत होते, हे स्यूएलबरोबरच्या ग्रंथावरून उघड आहे. पण त्यांनी मराठीच निवडली. या ग्रंथाचा हिंदी अनुवाद १९५७ मध्ये आणि भारत सरकारने काढलेल्या इंग्रजी अनुवादाचा पहिला भाग १९६९ मध्ये, दुसरा भाग १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे इंग्रजी वाचकांना या मराठी ग्रंथासाठी ७३ वर्षे थांबावे लागले. मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि कॉलेजात इंग्रजी शब्दापुढे अडखळणाऱ्या आमच्यासारख्या मुलामुलींनी ही गोष्ट मनात जपून ठेवावी. आपल्या भाषेत पहिल्या प्रतीचे शास्त्र लिहिता येते, आणि जग त्याच्याकडे उशिरा का होईना, येते.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर दीक्षितांना फार दिवस लाभले नाहीत. एप्रिल १८९८ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. इतक्या थोड्या आयुष्यात, रोजची शाळा सांभाळून, गणिताच्या वह्या तपासून, बदलीच्या गावी पुन्हा बिऱ्हाड मांडून त्यांनी एवढे काम केले.

त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट विद्वान मंडळी सहसा सांगत नाहीत, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आयुष्याची शेवटची आठ-नऊ वर्षे दीक्षित धुळ्याला आणि पुण्याला जे शिकवीत होते, ते उद्याच्या शिक्षकांना. त्यांच्या वर्गातून बाहेर पडलेले तरुण खानदेशात आणि देशावर गावोगावच्या मराठी शाळांत गेले असतील. त्यांपैकी एखाद्याने तरी संध्याकाळी मुलांना शाळेच्या ओट्यावर बसवून ध्रुव दाखविला असेल. इतिहास अशा शिक्षकांची नावे ठेवत नाही. पण समाजाच्या अंगणात ज्ञानाचा उजेड पडतो तो त्यांच्यामुळेच.

आपल्या वर्गातील अनेक जण उद्या शिक्षक होणार आहेत. आज मोबाइलवर आकाशाचा नकाशा मिळतो, पुस्तकांना तोटा नाही. शहरांच्या दिव्यांनी तारे पुसले आहेत हे खरे, पण आपली बहुतेकांची गावे अजून अंधाराच्या बाबतीत श्रीमंत आहेत. ध्रुव शोधावयास साधन लागत नाही. सप्तर्षींच्या चौकोनातील पुढचे दोन तारे जोडून रेषा उत्तरेकडे वाढवली की तो सापडतो, आणि हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षा थोड्या कमी उंचीवर तो आपल्या क्षितिजावर उभा असतो. मुलाला हे दाखवावे, आणि मग प्रश्न विचारू द्यावेत. उत्तर येत नसेल तर त्याच्याबरोबर दुसऱ्या रात्री पुन्हा पाहावे. पुस्तकात लिहिले आहे म्हणून खरे असे न सांगता, चल, पाहू या असे म्हणणारा शिक्षक प्रत्येक शाळेला मिळाला, तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे याहून मोठे स्मारक दुसरे असणार नाही. त्यासाठी लागणार आहेत त्या फक्त रात्रीच्या दोन घटका.